चित्रांसाठी शाईचं पेन: स्वस्त की महाग?

रेघोटी

आधी शाईने रेखाटन आणि त्यावर जलरंगाचा वॉश (पातळ थर), अशा कामासाठी फाउंटन पेन निवडायचं आहे. वही ए५, विषय बहुतेक इमारती आणि झाडं, त्यामुळे क्रॉस-हॅचिंग (एकमेकींना छेदणाऱ्या रेघांनी छटा भरणं) भरपूर. एकीकडे प्लॅटिनम प्रेपी, पायलट मेट्रोपॉलिटन, लॅमी सफारी अशी स्टीलच्या निबेची पेनं आहेत. दुसरीकडे पायलट फाल्कन किंवा प्लॅटिनम ३७७६, दोन्हीची निब १४ कॅरट सोन्याची. किमतीतला फरक कागदावरच्या रेघेत दिसतो का? दिसत असेल तर नेमका कुठे? आणि स्वस्त पेन ओरखडत असेल तर घरच्या घरी सुधारता येतं का?

शाईदौत

पेनाआधी शाई ठरवा. वरून जलरंग द्यायचा म्हटल्यावर बरेचसे पर्याय तिथेच बाद होतात. नेहमीची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. ओला ब्रश फिरला की रेघ सुटते आणि वॉश मळकट होतो. तुम्हाला फाउंटन पेनासाठीच बनवलेली पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई लागेल, म्हणजे प्लॅटिनम कार्बन ब्लॅक किंवा सेलरची किवागुरो. टाकाने काढायची इंडिया इंक पेनात चुकूनही भरू नका. तिच्यात बहुधा लाख असते. ती जिभेच्या, म्हणजे निबेखालच्या शाई पोचवणाऱ्या भागाच्या, खाचांत वाळली की पाण्याने सुटत नाही.

पिगमेंट शाईतले कण पेनात वाळले तर तेही चिकटून बसतात. म्हणून टोपण हवाबंद असणं निबेइतकंच महत्त्वाचं, आणि इथे स्वस्तातलं प्रेपी भल्याभल्यांना भारी पडतं. त्याच्या टोपणात स्प्रिंगवर बसवलेली छोटी आतली टोपी आहे. टोपण लावताच ती निबेभोवती दाबून बसते आणि शाई वाळू देत नाही. ३७७६ सेंच्युरीतही टोपणाची करामत हीच आहे. म्हणजे कार्बन शाईसाठी सगळ्यात गरजेची गोष्ट प्रेपीत आधीच मिळते.

आता पैसे कशाचे लागतात ते बघा. लॅमी सफारी आणि त्याच कंपनीचं बरंच महाग स्टुडिओ यांची स्टीलची निब एकच असते. ती चिकटपट्टी लावून पुढे ओढली की निघते आणि एकमेकांत बसते. लॅमीची १४ कॅरटची निबसुद्धा सफारीच्या प्लॅस्टिकच्या अंगात बसते. पायलटचंही तसंच. मेट्रोपॉलिटनला आणखी बारीक रेघ हवी असेल तर पायलटच्याच काकुनो पेनाची एक्स्ट्रा फाइन निब त्यात चालते. वरच्या पायरीवर तुम्ही बॉडी, वजन, शाई भरायची सोय आणि सोनं यांचे पैसे देता. कागदाला टेकतं ते टोक चांगल्या निबेत, स्टील असो वा सोनं, वेगळ्याच कठीण धातूच्या मिश्रणाचं, वरून जोडलेलं असतं. सोनं कागदाला लागतच नाही.

जाडी निवडताना एक लक्षात ठेवा. जपानी फाइन ही युरोपियन फाइनपेक्षा साधारण एक पायरी बारीक निघते. ए५ वर दाट हॅचिंगला प्रेपीची ०३ किंवा ०२ (०.३ किंवा ०.२ मिमीची निब) बरोबर. लॅमीची एक्स्ट्रा फाइनही तिथे जाड वाटेल, चार थर झाले की मधल्या पांढऱ्या फटी बुजतात. वजनाचाही विचार करा. मेट्रोपॉलिटनची बॉडी धातूची, प्रेपीच्या साधारण दुप्पट वजनाची. तासभर हॅचिंग करताना हा फरक बोटांना कळतो.

कन्व्हर्टरमध्ये (पेनात बसणाऱ्या, शाई ओढून घेणाऱ्या छोट्या नळीत) शाई जेमतेम अर्धा ते एक मिलिलिटर मावते. प्रेपीची नळीच टाकी म्हणून वापरता येते. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या, मुळाशी एक ओ-रिंग (रबरी कडं) चढवा आणि ड्रॉपरने थेट नळीत शाई भरा. तीन मिलिलिटरच्या वर सहज मावते. फक्त शाई एक तृतीयांशाखाली गेली की पुन्हा भरा. नळीतली हवा हाताच्या उबेने प्रसरण पावते आणि उरलेली शाई जिभेतून पुढे ढकलते. जिभेवरच्या चकत्या थोडी जास्तीची शाई धरून ठेवतात, पण त्या भरल्या की थेंब सरळ चित्रावर पडतो.

टाकबोरू

शाईदौत यांच्याशी बव्हंशी सहमत, पण सोन्याच्या निबेचा उपयोगच नाही असं कुणी समजू नये. आधी एक गैरसमज काढू. सोनं मऊ, म्हणून निब लवचीक, हे अर्धंच खरं. निब किती वाकेल हे पत्र्याची जाडी, खांद्यांचा उतार आणि निबेतल्या मधल्या फटीची लांबी यांवर ठरतं. ३७७६ ची नेहमीची फाइन निब सोन्याची असूनही बऱ्यापैकी ताठ आहे. फाल्कनची निब मात्र पुढे चोचीसारखी खाली वळवलेली आहे आणि मऊ दाबाला लगेच साथ देते. झाडाची फांदी एका ओढीत जाड सुरू करून निमुळती संपवायची असेल, तर ती मजा ताठ स्टीलच्या निबेत येणार नाही.

तरीही इमारती आणि क्रॉस-हॅचिंगला मी फाल्कन सुचवणार नाही. मऊ निबेवर दाब फक्त रेघ स्वतःकडे ओढताना द्यायचा असतो. हॅचिंगमध्ये हात चारी दिशांना फिरतो. आडव्या किंवा वर जाणाऱ्या रेघेत दाब पडला की फटीच्या दोन बाजूंच्या फाकांपैकी एकच वाकते, रेघ मध्येच जाड होते आणि सारखेपणा जातो. जास्त दाबलं तर दोन्ही फाका उघडतात, मध्ये शाई पुरत नाही आणि कागदावर आगगाडीच्या रुळांसारख्या दोन समांतर रेघा उमटतात. हे दिसताक्षणी दाब कमी करा. त्यापुढे गेलात तर फाका कायमच्या उघड्या राहतात, आणि अशी निब दुरुस्त करायला जाणकार हात लागतो.

रेघेची जाडी कमी-जास्त करायची स्वस्त वाट म्हणजे वाकड्या टोकाची निब, उदाहरणार्थ सेलरचं फुदे दे मान्नेन. पेन उभं धरलं की बारीक, आडवं झुकवलं की ब्रशसारखी जाड, आणि निब उलटी केली की केसासारखी रेघ. दाब लागतच नाही, त्यामुळे निब बिघडायची भीतीही नाही. झाडांच्या सावल्या एका हातात भरता येतात.

खरीखुरी लवचीक रेघ हवी असेल तर जिनहाओ एक्स७५० मधली निब काढून टाकाची झेब्रा जी निब बसवतात. निब आणि जीभ रबराच्या तुकड्याने एकत्र धरून सरळ बाहेर ओढायची. जी निबेची गोलाई वेगळी असल्यामुळे ती जिभेला नीट चिकटते ना, हे उजेडात बघायचं. फट राहिली तर शाई तुटते. ही निब गंजते, तेव्हा काम झालं की काढून, धुऊन, पुसून ठेवायची.

तिरपं_टोक

ओरखडण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि निब समोरून, टोक डोळ्याकडे करून बघा. दोन्ही फाकांची टोकं एका पातळीत हवीत. एक वर, एक खाली असेल तर पेन एकाच दिशेला ओरखडतं, उलट दिशेला गुळगुळीत चालतं. खाली आलेली फाक अंगठ्याच्या नखाने हळूच वर उचला, सोडा, पुन्हा बघा. दहाबारा वेळा करावं लागेल, पण पॉलिशच्या पट्टीवर घासण्याआधी हेच करायचं. स्वस्तातल्या ओरखडणाऱ्या निबांचा दोष बहुतेक वेळा एवढाच असतो. महाग पेनही यातून सुटलेलं नाही, फक्त तिथे हात लावताना छातीत धडधडतं.

टोकं जुळूनही खरखर राहिली तर १२००० ग्रिटच्या मायक्रोमेशवर (अतिबारीक पॉलिश पट्टीवर), निबेत शाई असताना, स्वतःच्या वजनाने इंग्रजी आठचा आकडा पाच-सहा वेळा काढा. मग कागदावर तपासा. थांबणं महत्त्वाचं. जास्त घासलं की फटीच्या आतल्या कडा गोल होतात, शाई कागदापासून किंचित वर राहते आणि प्रत्येक रेघेची सुरुवात कोरी जाते. हॅचिंगमध्ये शंभर रेघा म्हणजे शंभर सुरुवाती, त्यामुळे हा दोष लिखाणापेक्षा चित्रात फार छळतो. गुळगुळीतपणाचा हट्ट सोडा, कागदाची थोडी पकड चित्राला उपयोगीच पडते.

आणि खरखर अचानक सुरू झाली तर निबेला दोष देण्याआधी फटीत बघा. जलरंगाच्या खरबरीत कागदाचा धागा अडकलेला असतो. ०.०५ मिमीचा पितळी पत्रा फटीतून एकदा फिरवला की सुटतो.

रेघोटी

फार उपयोग झाला. प्रेपी ०३ आणि जोडीला फुदे घेईन. एक शंका: नूडलर्स कंपनीची ब्लॅक शाई पाण्याने जात नाही म्हणतात, पण जलरंगाच्या कागदावर ती रात्रभर वाळूनही बोटाला लागते असं वाचलं. असं का?

शाईदौत

ती शाई कागदातल्या सेल्युलोजशी बांधली जाते म्हणून टिकते. जलरंगाच्या कागदावर साइझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप, बऱ्याचदा जिलेटिनचा) असतं, म्हणून शाईचा काही भाग धाग्यांपर्यंत पोचतच नाही, वरच बसून राहतो. तोच बोटाला लागतो आणि वॉशमध्ये उतरतो. जाड, ओल्या रेघेत हे जास्त होतं. अशा कागदावर कार्बन ब्लॅकच वापरा. नव्या वहीच्या शेवटच्या पानावर बारीक आणि जाड अशा दोन रेघा काढून एक मिनिट, पाच मिनिटं आणि तासाभराने ओला ब्रश फिरवून बघा, म्हणजे त्या कागदाला किती वेळ द्यायचा ते कळेल.

पेन दोन-तीन आठवड्यांनी साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. गरम पाण्याने प्लॅस्टिकची जीभ वाकते, आणि स्पिरिटने बॉडीला तडे जाऊ शकतात. महिनाभर हात लागणार नसेल तर शाई काढूनच ठेवा.