दुनळी बारा बोअरला दर पावसाळ्यात गंज चढतो, उपाय हवा आहे

बाबांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची जुनी दुनळी बारा बोअर बंदूक आहे. घर देवगड तालुक्यात, खाडीजवळ, भिंती चिऱ्याच्या. आंबा-काजूच्या दिवसांत वानर नि डुकरं हाकलायला हवेत बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. मे संपला की बाबा तिला तेलाचा हात फिरवतात, रेक्झिनच्या गवसणीत घालतात आणि माजघराच्या भिंतीतल्या लाकडी कपाटात कुलूप लावून ठेवतात. मग गणपतीला आम्ही मुंबईहून गेलो की बाहेर काढायची.

यंदा काढली तर दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या कडेने तांबूस भुकटी. चिंधीने निघाली, पण खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. डाव्या नळीवर चार लांबट डाग आहेत, बरोबर जिथे हाताची बोटं येतात तिथे. आतून नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या, चकचकीत आहेत. चाप मात्र जड झालाय आणि खटक्याजवळ पिवळट चिकटा आहे.

तेल म्हणाल तर घरचं खोबरेल. वाडीत सगळे तेच लावतात, आजोबाही तेच लावायचे, त्यामुळे बाबांसमोर तेलाचा विषय काढणं अवघड. माझे प्रश्न: तेल कुठलं लावू? गवसणी ठेवू की काढू? आणि एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्याने नळ्या "पुन्हा काळ्या करून देतो" म्हटलंय, द्याव्यात का?

रानमाणूस
आदी ती गवसणीतसून भायर काड. बाकीचा मगे बगूया.

लेथवाला
वरच्याशी सहमत. रेक्झिनच्या आत फोम असतो, तो एकदा ओल धरून बसला की सोडत नाही. चामड्याची गवसणी तर आणखी वाईट, कातडं कमावतानाचे क्षार त्यात राहिलेले असतात. गवसणी फक्त बंदूक नेण्या-आणण्यासाठी, महिनोन् महिने ठेवण्यासाठी नव्हे.

मी भोसरीत सुट्या भागांच्या तपासणीत आहे. गंज हा आमचा रोजचा शत्रू. लोखंडाभोवतीच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज झपाट्याने धरतो, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती ८५-९०च्या घरात असते. तुमच्याकडे खाडीची खारी हवा वेगळीच. मीठ स्वतःच ओल ओढून घेतं, त्यामुळे गंजाला पावसाची वाट बघावी लागत नाही. ते चार डाग घामाचे. पुसून झाल्यावर बंदूक ठेवताना नळीला उघडा हात लावला असणार. आमच्याकडे बेअरिंगसुद्धा हातमोजे घालून उचलतात.

खोबरेलाबद्दल: वनस्पती तेल जुनं झालं की चिकटतं, खवट होतं आणि त्यात आम्ल तयार होतं. तो पिवळा चिकटा आणि जड चाप त्याचेच. शिलाई मशीनचं तेल खनिज असल्याने चिकटत नाही, पण इतकं पातळ की काही आठवड्यांत नळीवरून ओघळून जातं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला नि जुना चिकटा सोडवायला छान, पण त्याचा थर चार महिने टिकेल अशी आशा नको. औद्योगिक तेलवाल्याकडे "रस्ट प्रिव्हेंटिव्ह" मागा, आम्ही आरपी ऑइल म्हणतो. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाला लावतात तो जाड थराचा प्रकार घ्या. दुकान लांब असेल तर साधी पेट्रोलियम जेली पातळ चोपडली तरी चालेल.

माजी फौजी
कुठलंही काम करायच्या आधी बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा, आणि बोट घालूनही. काडतुसं त्या खोलीतच नकोत. "गेल्या वर्षीच रिकामी करून ठेवली होती" यावर विश्वास ठेवायचा नाही.

आता मेहनत. पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी) किंवा गजाला कोरडी चिंदी लावून काडतूस बसतं त्या बाजूने ओढा. चिंदी स्वच्छ येईपर्यंत. मग तेलाची एक चिंदी. बाहेरून तेल लावताना पट्टीच्या दोन्ही कडा जुन्या दातब्रशने करा, तुमचा गंज तिथेच धरलाय कारण फडकं त्या खाचेत पोचत नाही.

लोक एक चूक हमखास करतात. भरपूर तेल घालून बंदूक दस्त्यावर, म्हणजे मागच्या लाकडावर, उभी करतात. तेल उतरत उतरत लाकडात मुरतं, दस्त्याचं तोंड काळं पडतं, मऊ होतं आणि पुढे बार काढताना तडकतं. नळीचं तोंड खाली करून, खाली फडकं घालून उभी ठेवा. लाकडाला जवसाचं तेल, तेही बोटावर घेऊन.

हंगामात काढाल तेव्हा नळीतलं तेल-ग्रीस कोरड्या चिंदीने पूर्ण पुसल्याशिवाय बार काढायचा नाही. नळीत साचलेल्या ग्रीसने दाब वाढतो.

ठासणीवाला
थोडं अवांतर. आमच्याकडे ठासणीची आहे, तोंडातून दारू ठासून भरायची. काळ्या दारूची राख तेलाने निघत नाही, तिच्यातले क्षार पाण्यातच विरघळतात. त्यामुळे बार काढल्या दिवशीच उकळतं पाणी, मग सुकवणं, मग तेल. पाणी बघून लोक घाबरतात, पण तेल चोपडून ठेवलेली ठासणीच आधी सडते. बारा बोअरला खडकीची शक्तिमान वगैरे आजची काडतुसं वापरत असाल तर पाण्याची गरज नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. गवसणी काल फोनवरूनच बाहेर काढायला लावली. बाबा म्हणाले, "मग तिका धूळ लागात." धुळीचं बघता येईल.

दोन शंका. एक, कपाटात ओल शोषणारे ते प्लॅस्टिकचे डबे ठेवू का, ज्यांच्या तळाशी पाणी जमतं? दोन, चुलतभाऊ म्हणतो बल्ब लाव. पण आमच्याकडे पावसात लाइट जाते ती कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही. आणि नळ्या काळ्या करण्याचं कुणीच बोललं नाही.

लेथवाला
ते डबे बंदुकीजवळ अजिबात नकोत. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, तळाचं पाणी म्हणजे खारट द्राव. डबा कलंडला तर गंज कसा असतो ते तेव्हा कळेल. सिलिका जेल घ्या, रंग बदलणारं. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवायचं, पुन्हा तयार. मात्र ते बंद पेटीत चालतं. फटी असलेल्या कपाटात ते सगळ्या माजघराची ओल प्यायला बसेल आणि आठवड्यात थकेल.

बल्बची युक्ती खरी आहे, पण बल्ब तारेचा, जुना झिरोचा. तो नावाला झिरो, खातो १५ वॅट, आणि आपल्याला हवी ती उष्णताच. एलईडीने काही होणार नाही. कपाटाच्या तळाशी, भोवती जाळी लावून, लाकूड-कापड लांब ठेवून लावा. घरात सतत कुणी नसेल तर मी लावणार नाही.

तुमच्यासाठी मला व्हीसीआय पिशवी जास्त पटते. चाकणहून गाड्यांचे भाग बाहेर जातात ते याच कागदात-पिशवीत. त्यातून निघणारी वाफ धातूवर पातळ थर धरते, वीज लागत नाही. मे महिन्यात कडक उन्हाच्या दुपारी नळ्या कोमट होऊ द्या, पुसा, तेल लावा, पिशवीत घालून तोंड चिकटवा. साधी प्लॅस्टिकची पिशवी मात्र नको, आत अडकलेली ओल तिथेच राहते. आणि कपाट चिऱ्याच्या भिंतीतून हलवा. पाठीमागे चार बोटं हवा खेळली तरी फरक पडेल. माझ्या मते तुमचा निम्मा प्रश्न त्या भिंतीचा आहे, तेलाचा नंतर.

माजी फौजी
काळ्या करायला वर्कशॉपात देऊ नका. दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी शिशा-कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात. गरम क्षाराच्या टाकीत बुडवल्या की तो डाक खाल्ला जातो, पट्टी सुटते. शिवाय आधी पॉलिश मारतात, त्यात नळीची जाडी जाते. हे काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याचंच, आणि तो जुन्या दुनळीला हळूहळू गंजवून काळं करण्याची पद्धत वापरतो का ते विचारा. खड्डे किती खोल आहेत तेही त्यालाच मोजू द्या, तोवर बार नको. घरी पॉलिश पेपर लावू नका. सगळ्यात बारीक स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने, बस्स.

आणि एक. परवाना वडिलांचा आहे, तेव्हा साफसफाई ते समोर असताना करा. दुरुस्तीला तुम्ही एकटे नेणार असाल तर त्यांचं लेखी पत्र आणि परवाना सोबत हवा, शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ३ मध्ये ती सोय आहे. वडील सत्तरीपुढे असतील तर २०१६ च्या नियमांप्रमाणे वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो, तेही बघून ठेवा.

आंबाबागवाला
निवडणुकीचं कुणी बोललं नाही. तेव्हा ज्यांना परवान्याची बंदूक पोलिसांकडे जमा करायला सांगतात त्यांची ती महिनाभराहून जास्त ठाण्यात पडून असते. २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता ६ जूनला उठली, म्हणजे ऐन पाऊस लागताना. आमची परत आली तेव्हा खटका लालभडक होता. तेव्हापासून जमा करतानाच जाड थर देतो, व्हीसीआय कागदात गुंडाळतो आणि पावतीवर "गंज नाही" एवढे दोन शब्द लिहून मागतो. पहिल्यांदा हसले, पण लिहून दिलं.

धागाकर्ता
हे बाबांना वाचून दाखवतो. पिशवी कुठल्या मापाची लागेल? नळ्या ३० इंची आहेत, दस्त्यापासून सोडवून ठेवल्या तर चालतील ना?

लेथवाला
सोडवूनच ठेवा. तीन फुटी पिशवी घ्या. दस्ता वेगळा, साध्या सुती कापडात.