सिडनी हार्बर ब्रिज चढायचाय: साधा क्लाइंब की 'बुरावा'?

निशिगंधा
ऑक्टोबरात लेकाकडे सिडनीला चालले आहे. हार्बर ब्रिजवर चढायचं तिकीट काढतो म्हणून त्याने डोकं खाल्लंय. वय ६१, गुडघे कुरकुरतात पण संपावर गेलेले नाहीत. एक साधा क्लाइंब आहे आणि एक 'बुरावा', ज्यात ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी गाइड गोष्टी सांगत नेतात म्हणे. दोन्हीकडून दिसणार तेच बंदर आणि तेच ऑपेरा हाउस. मग बुरावाच का घ्यावा? आणि हो, मला उंचीची भीती वाटते. हसू नका.

टिवल्याबावल्या
दोन्ही नको. पुलाच्या दगडी खांबात पायलॉन लुकआउट आहे, २०० पायऱ्या, तिकीट बरंच स्वस्त, वर हवे तेवढे फोटो काढा. क्लाइंबला मोबाइलच नेऊ देत नाहीत. तीनशे डॉलरच्या वर मोजून सेल्फी नाही, हा कसला व्यवहार?

पागोळी
टिबा, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण ताईंनी वेगळंच विचारलंय. मी मार्चमध्ये बुरावा केला, म्हणून जरा लांबण लावते.

भीतीचं आधी. करड्या-निळ्या सूटमध्ये कोंबतात, दारू प्यायलात का ते फुंकर मारायला लावून बघतात. मोबाइल, घड्याळ, केसातली क्लिप सगळं लॉकरमध्ये. चष्म्याला दोरी. नाक पुसायचा रुमालसुद्धा मनगटाला अडकवलेला, कारण खाली रस्ता चालू असतो. कमरेचा पट्टा एका तारेत अडकवतात तो उतरेपर्यंत सुटत नाही. कमानीवर मला काहीच वाटलं नाही, पायऱ्या ठेंगण्या आहेत. पाय लटपटले ते आधीच्या उभ्या शिड्यांवर. शेजारून ट्रक गेला की लोखंड पोटात घुमतं. तिथे खाली न बघता समोरचे रिव्हेट मोजा. पुलाला ६० लाख आहेत, पुरतील.

आता गोष्टी. बुरावा म्हणजे गडिगल लोकांच्या, बंदराच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या, भाषेत 'वर'. पण आमची गाइड वर नेऊन सारखी खालीच बघायला लावत होती. माथा समुद्रसपाटीपासून १३४ मीटर. तिथून सगळे ऑपेरा हाउसकडे वळले, तर ती म्हणाली, इमारत मनातून काढा आणि खालची जमीन बघा. त्या टोकाचं नाव टुबोगुली. तिथे शतकानुशतकं खाल्लेल्या शिंपल्यांचे ढीग होते. इंग्रजांनी ते जाळून चुना केला आणि घरं बांधली. म्हणजे लोकांच्या जेवणाच्या खुणा भिंतींत गेल्या. मला ऑपेरा हाउस त्यानंतर पहिल्यासारखं दिसलंच नाही.

दुसरी बारंगारूची. पुलाच्या पश्चिमेला काचेचे टॉवर आणि कॅसिनो असलेला भाग आहे ना, त्याला जिचं नाव दिलंय ती बाई. उत्तर किनाऱ्याची, तिथल्या कॅमेरेगल लोकांतली. इथली मासेमारी बायकांची: सालीची होडी, तिला म्हणतात नावी (आपल्या नावेची आठवण झालीच, पण तो योगायोग), होडीत मातीच्या थरावर विस्तव, मांडीवर पोर, शिंपल्याचा घासून केलेला गळ. १७९० मध्ये इंग्रजांनी एकदाच जाळं टाकून चार हजारांच्या आसपास मासे ओढले आणि त्यातले थोडे इथल्या पुरुषांना वाटले. बारंगारू भडकली. मासे कोणी आणायचे, कोणी वाटायचे, हा बायकांचा मान. तो एका दुपारी गेला. गव्हर्नरकडे जेवायला गेली तरी तिने इंग्रजी कपडे अंगाला लावून घेतले नाहीत, हेही सांगितलं. आमच्यातल्या एका आजोबांनी तिथेच टाळ्या वाजवल्या.

तिसरी माझी सगळ्यात लाडकी. पुलाच्या दक्षिण टोकाखाली डॉज पॉइंट आहे. विल्यम डॉज नावाच्या लेफ्टनंटने तिथे वेधशाळा थाटली होती. जागेचं मूळ नाव तारा! (मराठी माणसाने हसावं असाच योग.) तिथे पाट्येगरांग नावाच्या तरुण मुलीने त्याला आपली भाषा शिकवली, त्याने वह्यांत उतरवली. त्या वह्या १९७२ मध्ये लंडनमध्ये सापडल्या. त्यात एक शब्द आहे, पुटुवा: आपले हात विस्तवावर शेकून दुसऱ्याची बोटं हळूच दाबणं. वर वारा इतका बोचत होता की गाइडने हे सांगितल्यावर माझ्या मागच्या अनोळखी बाईने खरंच माझा हात धरला. दोघींचेही गार होते, काही उपयोग झाला नाही.

गोष्टी खाली बसूनही ऐकता येतील, मान्य. पण गडिगलांचा किनारा एका हाताला आणि कॅमेरेगलांचा दुसऱ्या, मध्ये तेच पाणी, हे बोट दाखवून कोणी सांगितलं की कळतं. माथ्यावर ॲबोरिजिनल लोकांचा झेंडा आहे. २०२२ पर्यंत तो वर्षातले ठरावीकच दिवस फडकायचा.

निशिगंधा
पागोळी, तुझं वाचून टिबांचा सल्ला बाद. एकच शंका, गाइडचं इंग्रजी कळेल का? लेकाचं अर्धं कळत नाही आता.

पागोळी
हेडफोन देतात, वाऱ्यातही आवाज नीट येतो. नावं मात्र पहिल्यांदा कानावरून जातात, परत विचारा. मी टुबोगुली चार वेळा म्हणवून घेतलं. आणि रात्रीचं तिकीट घेऊ नका, दिवे छान दिसतात पण किनारे कळत नाहीत.

टिवल्याबावल्या
बाद तर बाद. रुमाल मनगटाला बांधून देतात हे मात्र आवडलं.