गोडं पाणी नाही म्हणून जागा टाकाऊ? (सिव्ह ६ मध्ये शहर कुठे वसवावं)

डोंगरवाट
सिव्हिलायझेशन ६ या संगणकावरच्या खेळाबद्दलची एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय. तिचं म्हणणं थोडक्यात असं: सेटलर (शहर वसवणारी तुकडी) उतरला तिथेच पहिल्या टर्नला राजधानी करा, पुढची सगळी शहरं नदीकाठी करा आणि नदी-तळं नसलेल्या जागेकडे ढुंकूनही बघू नका. खाली नवीन खेळणारे धन्यवाद देत सुटलेत. ते वाचून राहवलं नाही.

हाउसिंगचा (शहरात किती माणसं मावतात याचा) हिशोब सगळ्यांना पाठ असतो. गोडं पाणी असेल तर ५, नुसता समुद्र असेल तर ३, काहीच नसेल तर २. पण त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही. शहरालगतच्या टाइलला (नकाशावरच्या घराला) डोंगर चिकटलेला असेल, तर इंजिनिअरिंगचा शोध लागल्यावर तिथे पाणी आणणारा अ‍ॅक्विडक्ट होतो आणि कोरडं शहर २ वरून ६ वर जातं. नदीकाठच्या शहराला तोच अ‍ॅक्विडक्ट जेमतेम २ वाढवून देतो. शिवाय तो डिस्ट्रिक्टच्या (शहराच्या खास विभागांच्या) मर्यादेत मोजला जात नाही आणि गॅदरिंग स्टॉर्म या विस्तारात शेजारच्या इंडस्ट्रियल झोनला +२ प्रॉडक्शन देतो. तीन-चार डोंगरांच्या बेचक्यातली टाइल दिसली की मी आधी तिच्यावर कॅम्पसची (डोंगरालगत जास्त विज्ञान देणाऱ्या डिस्ट्रिक्टची) पिन लावतो आणि मग तिच्या आवाक्यात शहर कुठे बसतं ते बघतो. नदी आली तर आली.

संथ वाहते
इंजिनिअरिंग येईपर्यंत काय करायचं ते लिहायचं राहिलं. हाउसिंग २ असलेल्या शहराची वाढ पहिल्या माणसालाच निम्म्यावर येते आणि दुसऱ्याला पाव होते. दुसरा डिस्ट्रिक्ट लोकसंख्या ४ झाल्यावर, तिसरा ७ झाल्यावर. म्हणजे तुमचं डोंगरातलं शहर एक कॅम्पस घेऊन शंभर टर्न कुपोषित पडून राहणार. अ‍ॅक्विडक्टचं प्रॉडक्शन तरी तिथे कुठून येणार? नवख्यांना नदीच सांगायला हवी, तेच बरोबर आहे.

डोंगरवाट
पहिल्या डिस्ट्रिक्टला लोकसंख्या १ पुरते. मला तिथून कॅम्पसच हवा असतो. ग्रॅनरीने (धान्यकोठाराने) २ हाउसिंग मिळतं, दोन शेतांमागे १ मिळतं. शंभर टर्न कोण वाट बघतंय? आणि प्रॉडक्शनचं म्हणाल, तर प्लेन्सच्या टेकडीवर शहर वसवलं की शहराच्या टाइललाच २ अन्न, २ प्रॉडक्शन मिळतं. नदीकाठच्या सपाट गवतावर २ आणि १. सुरुवातीच्या काळात तो प्रॉडक्शनचा एक हातोडा म्हणजे स्काउट, बिल्डर, सेटलर सगळंच लवकर.

टर्न पहिला
दोघेही दुसऱ्या-तिसऱ्या शहराबद्दल भांडताय. नवखा हरतो तो राजधानीच्या पायी. चांगली जागा शोधत सेटलर तीन-चार टर्न फिरवायचा, तोवर विज्ञान शून्य, संस्कृती शून्य. डेइटी या सगळ्यात अवघड पातळीवर एआय (संगणकाचा खेळाडू) तीन सेटलर घेऊन उतरतो, त्याची शहरं उभी राहिलेली असतात. हे नुकसान किती मोठं आहे हे माओरींच्या नेत्याकडे, कुपेकडे बघा म्हणजे कळेल. माओरी भर समुद्रात सुरू होतात, म्हणून पहिलं शहर होईपर्यंत त्यांना दर टर्नला २ विज्ञान आणि २ संस्कृती फुकट दिलीय. भटकणं परवडणारं असतं तर ही भरपाई कशाला दिली असती?

आणि ज्यांना ही भरपाई नाही ते काय करतात, तर रीस्टार्ट. पाच मिनिटं नकाशा बघायचा, आवडला नाही की नवीन. असे लोक मग इथे येऊन जागा निवडण्यावर प्रवचन देतात. याची मला मनापासून चीड आहे.

डोंगरवाट
मी रीस्टार्ट करत नाही. ज्याला उद्देशून लिहिताय त्याचं नाव घ्या. राजधानीसाठी एक टर्न सरकून टेकडी मिळत असेल तर सरकावं, एवढंच मी म्हणेन. चार टर्न फिरा असं कुठे लिहिलंय मी?

हौदकरी
अवांतर, पण लिहितोच. गोड्या पाण्याचा हा नियमच मला पटत नाही. मुंबईला कुठली मोठी नदी होती? १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८९२ मध्ये तानसा. पार ठाणे जिल्ह्यातून पाणी आणलं आणि शहर फुगतच गेलं. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली आणि नहर खोदून लांबून पाणी आणलं. रायगड तर डोंगरमाथाच. पाणी मागाहून येतं, जागा आधी हेरावी लागते. डोंगरवाट यांना +१.

संथ वाहते
रायगड हे शहर नव्हतं, राजधानीचा किल्ला होता. कृपया किल्ले मध्ये आणू नका. आणि पुणं? मुळा-मुठेच्या काठी आहे म्हणूनच वाढलं ना?

हौदकरी
पुण्याचं नाव काढलंत ते बरं झालं. नदी दाराशी असून नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून दगडी नळातून पाणी शहरात का आणलं? काळा हौद, नाना हौद, साततोटी हौद, सगळे त्या पाण्यावर भरत. आमचं मूळ घर पेठेतलं. आजी सांगायची, नदी धुण्याला आणि पिण्याला हौद. डोंगराच्या पायथ्यापासून गावापर्यंत नळ, म्हणजे गेममधला अ‍ॅक्विडक्टच आहे तो. आणि रायगडावर बाजारपेठ होती, गंगासागर होता. जगदीश्वराच्या शिलालेखात विहिरी-तळ्यांचा उल्लेख आहे. बोलण्याआधी एकदा जाऊन या.

संथ वाहते
गेलोय, पायऱ्या चढून. रोपवेने नाही. गंगासागर हे साठवलेलं पाणी आहे. गडावर किती माणसं बारमाही राहायची आणि पुण्याच्या पेठांत किती, याचा विचार करा. डोंगरावर राज्य करता येतं, लाखाची वस्ती पोसता येत नाही. गेम हेच सांगतो. मुंबईला तलाव बांधायला इंग्रजांचं भांडवल आणि यंत्रं होती, सुरुवातीची दोनशे वर्षं तिथे विहिरी आणि तळीच होती. म्हणजे कोरडं शहर इंडस्ट्रियल एरापर्यंत रखडलं. माझाच मुद्दा झाला.

बारव
रखडलं? सुरतेचा व्यापार मुंबईने त्याआधीच खेचला होता, बंदरामुळे! पाणी, पाणी करताना बंदर विसरलात.
याच गेममध्ये भारताला बारव दिलीय, १ अन्न आणि १ हाउसिंग, पण टेकडीवर बांधता येत नाही. मी चंद्रगुप्त घेऊन कोरड्या सपाटीवर शहरं वसवतो आणि बारवांवर माणसं वाढवतो. दोन बारवा शेजारी शेजारी चालत नाहीत, त्यामुळे एकआड एक टाइल मोकळी ठेवून तिथे शेत. शेजारी शेत असलं की बारवेचं अन्न आणखी वाढतं. तेव्हा 'कोरडी जागा टाकाऊ' हे सरसकट विधान चुकीचंच आहे. पण टेकड्यांच्या गराड्यात बारवेला जागा उरत नाही, हे डोंगरवाट यांनीही लक्षात घ्यावं.

पाटीवरचा
पाणी आणि डोंगर यांत लॉयल्टी (आसपासच्या माणसांमुळे शहर कुणाकडे झुकतं ते) कुणालाच आठवली नाही. हॉस्टेलला आम्ही रात्र रात्र मल्टिप्लेअर खेळायचो. रूममेटने नदी, डोंगर, गेझर सगळं असलेली जागा पकडली, पण माझ्या राजधानीपासून सहा टाइलवर. त्याची स्वतःची शहरं पार पलीकडच्या टोकाला. नऊ टाइलच्या आत माझीच माणसं, त्याचं एकही नाही. मी काहीही केलं नाही. शहर आधी फ्री सिटी (कुणाचंच नसलेलं) झालं आणि मग माझ्याकडे आलं, त्याने बांधत आणलेल्या कॅम्पससकट. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. राइज अँड फॉल या विस्तारानंतर पहिला प्रश्न 'पाणी कुठे' हा नाही, 'आपली माणसं कुठे' हा आहे.

संथ वाहते
लॉयल्टी मान्य. त्यावर वाद नाही.
डोंगरवाट, तुमच्या अ‍ॅक्विडक्टबद्दल इतकंच मान्य करतो की चौथ्या-पाचव्या शहरापासून, मॅग्नस या गव्हर्नरचं प्रोव्हिजन घेऊन सेटलरमागे माणूस कमी होत नसेल आणि अ‍ॅन्सेस्ट्रल हॉल या इमारतीमुळे नव्या शहराला फुकट बिल्डर मिळत असेल, तर कोरडी डोंगरी जागा चालेल. पहिल्या तिघांना नाही म्हणजे नाही.

डोंगरवाट
चौथ्या-पाचव्यापासून चालेल म्हणता, मग त्या पोस्टमधला 'शब्द न् शब्द बरोबर' राहिला कुठे? पहिल्या तिघांत एक टेकडीवरचं मी घेणारच. पण शेजारी आक्रमक असेल आणि भिंतींआधी धनुर्धारी हवे असतील, तर नदीकाठचं शहर लवकर उभं राहतं, तेवढं देतो.

संथ वाहते
मी 'बरोबर' म्हणालो होतो, 'शब्द न् शब्द' तुम्ही घुसडलंत. वर जाऊन वाचा.

हौदकरी
साततोटी हौदाबद्दल कुणाला माहिती हवी असेल तर वेगळा धागा काढतो. इथे कुणी ऐकत नाही.

टर्न पहिला
काढाच. आणि रीस्टार्टवर कुणीच उत्तर दिलं नाही, याची नोंद घेतली आहे.