मदत हवी आहे: पीएस टू एम्युलेटर अडकतोय. ग्राफिक्स कार्ड घेऊ की प्रोसेसरच कमी पडतोय?

निपाणीकर_वखारवाला

नमस्कार मंडळी. कार्डाचे पैसे मोजण्याआधी एकदा इथं विचारावं म्हटलं.

घरचा पीएस टू (प्लेस्टेशन २ गेम कन्सोल) लेन्स गेल्यापासून कपाटात पडून आहे, डीव्हीड्या मात्र शाबूत आहेत. म्हणून कुठल्याशा ऑफिसातून निघालेला सेकंडहँड पीसी घेतला आणि त्यावर पीसीएसएक्स२, म्हणजे पीएस टूचे गेम पीसीवर चालवणारा एम्युलेटर, टाकलं. बायॉस (कन्सोलचं मूळ सॉफ्टवेअर) माझ्याच कन्सोलचा आहे आणि डीव्हीडीच्या आयएसओ (फाइल-प्रती) करून ठेवल्यात, त्यामुळे तो विषय इथं नको.

पीसीची कुंडली: आय५-४५९०, ८ जीबी डीडीआर३ रॅम (एकच स्टिक), विंडोज १०. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलं इंटेल एचडी ४६०० आहे. कॅबिनेट ऑफिसात असतं तसलं बारकं, चपटं.

आता दुखणं. ग्रान टुरिस्मो ४ मेनूत झकास चालतो, पण शर्यत सुरू झाली की गाड्या चिखलातून चालल्यासारख्या चालतात आणि आवाज तुटतो. अर्धा तास खेळलं की अजून वाईट. मॉनिटर फुल एचडी आहे म्हणून रिझोल्यूशन ३एक्सवर (मूळच्या तिप्पट) ठेवलंय. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर सीपीयू जेमतेम ४५ टक्के. बेळगावच्या एका दुकानदाराला फोटो दाखवला तर म्हणाला, प्रोसेसर निम्मा रिकामा आहे, म्हणजे दोष ग्राफिक्सचा, जीटी ७३० चार जीबी कार्ड टाका, पळेल.

मला यातलं फारसं कळत नाही, पण गणित पटत नाहीये. मेनू चांगला चालतो आणि अर्ध्या तासानं बिघडतं, हे कार्डानं कसं सुटणार? अजून एक, एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा काही केल्या ५० च्या वर जात नाही. व्हिडिओंमध्ये सगळ्यांचा ६० दिसतो. आणि एम्युलेटरच्या ग्राफिक्स पर्यायात व्हल्कन निवडलं की एरर येते. पुतणे सुट्टीला येणार आहेत, त्याआधी काहीतरी मार्गी लागलं तर बरं होईल.

खानापूर_घाटाखाली

३एक्स कशाला ठेवलाय भावा? आधी नेटिव्हवर (मूळ रिझोल्यूशनवर) आण की. एचडी ४६०० वर ३एक्स म्हणजे लई झालं.

अनगोळची_आक्का

निपाणीकर, कार्ड अजिबात घेऊ नका. आधी मोजा, मग बोलू. आणि मोजायचं कसं ते नीट सांगते, कारण इथं दर दोन महिन्यांनी हाच प्रश्न येतो आणि लोक नुसता एफपीएस टाकून मोकळे होतात.

टास्क मॅनेजरचे ते ४५ टक्के पहिले विसरा. तुमच्या प्रोसेसरला चार कोअर. एक कोअर पूर्ण दमला आणि बाकीचे तीन बसून असले तरी तिथं २५ टक्केच दिसणार. पीएस टूचा मुख्य प्रोसेसर, ज्याला इमोशन इंजिन म्हणतात, तो मूळचा २९५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. पण त्याचं प्रत्येक काम एम्युलेटरला तुमच्या प्रोसेसरच्या भाषेत बदलून करावं लागतं, आणि ते प्रामुख्यानं एका थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक अशा एकाच रांगेत, चालतं. ते काम चार कोअरमध्ये वाटून देता येत नाही. ग्राफिक्सचा थ्रेड वेगळा असतो, आणि एमटीव्हीयू ही सेटिंग चालू असेल तर व्हेक्टर युनिटचाही (पीएस टूमधला गणितं करणारा भाग) वेगळा. म्हणून एकूण टक्केवारी बघून ‘प्रोसेसर रिकामा आहे’ म्हणणारा माणूस एक तर घाईत असतो, नाही तर कार्ड विकत असतो.

सेटिंगमध्ये ऑन-स्क्रीन डिस्प्ले चालू करा. त्यात स्पीडची टक्केवारी, सीपीयू वापर आणि जीपीयू वापर टिकमार्क करा. मग ईई (इमोशन इंजिन), जीएस (ग्राफिक्स), व्हीयू (व्हेक्टर युनिट) असे वेगवेगळे आकडे कोपऱ्यात दिसतील. ईई शंभरीला टेकला आणि स्पीड १०० च्या खाली असेल तर प्रोसेसर कमी पडतोय. ईई सत्तरवर आणि जीपीयू ९९ वर असेल तर ग्राफिक्स.

जिथं सगळ्यात जास्त अडकतं, म्हणजे शर्यत सुटताना सगळ्या गाड्या समोर असतात ती जागा, तिथं एफ१ दाबून सेव्ह स्टेट करा. दर वेळी एफ३ नं तिथूनच सुरू करा. एकदा मेनूत बघितलं, एकदा वळणावर बघितलं, असे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. एका वेळी एकच सेटिंग बदला. फ्रेम लिमिटर (स्पीड १०० वर रोखणारी सेटिंग) काढूनही बघा. स्पीड १४० पर्यंत गेला तर पुरेशी उसंत आहे, १०२ वर अडखळला तर काठावर आहात.

तुमचे ५० एफपीएस ही तक्रारच नाही. आपल्याकडे मिळायच्या त्या डिस्क पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेमच्या. व्हिडिओतले लोक अमेरिकन डिस्क खेळतात, ती ६० ची. तुमच्याकडे ५० आणि स्पीड १०० टक्के असेल तर गेम पूर्ण वेगानं चालतोय. स्पीडचा आकडा धरा, एफपीएसचा नको. काही गेम मुळातच २५-३० फ्रेम काढायचे, खऱ्या पीएस टूवरसुद्धा.

आणि व्हल्कनचा नाद सोडा. चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला विंडोजवर व्हल्कन नाहीच. त्याच पर्यायांतल्या डायरेक्ट३डी ११ वर राहा.

खानापूर_घाटाखाली

आक्का, ईई सायकल स्किप वाढवलं तर? माझ्या लॅपटॉपवर त्यानं स्पीड १०० दाखवला होता.

अनगोळची_आक्का

दाखवणारच. तो आकडा फसवा असतो. एम्युलेटर गेमच्या प्रोसेसरची काही चक्रं गिळतो, त्यामुळे स्पीड १०० दिसतो, पण गेम आतून फ्रेम सोडत जातो आणि चित्र झटके देतं. मोजताना ते बंदच ठेवायचं. सायकल रेटही १०० टक्क्यांवर.

निपाणीकर_वखारवाला

आक्का, तुम्ही सांगितलंत तसं केलं. शर्यतीच्या सुरुवातीला सेव्ह स्टेट, सायकल स्किप बंद, डायरेक्ट३डी ११.

पीसी थंड असताना ३एक्सवर: स्पीड ६२, जीपीयू ९९, ईई साठच्या आसपास.
२एक्सवर: स्पीड ८८, जीपीयू ९८.
नेटिव्हवर: स्पीड १००, जीपीयू ५५, ईई ७८. आवाज अगदी स्वच्छ.

मग नेटिव्हवरच पुतण्यासारखा अर्धा तास खेळत बसलो आणि परत तीच सेव्ह उघडली. स्पीड ८१! जीपीयू उलट कमी झाला, ४५. ईई ९९. सेटिंग कशालाच हात लावला नव्हता. आता हे काय?

वडगावचा_मागवाला

हे तापतंय, दुसरं काही नाही. आधी ग्राफिक्स अडत होतं, अर्ध्या तासानं प्रोसेसर अडायला लागला. दोन वेगळी दुखणी आहेत.

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये खाली प्रोसेसरचा चालू स्पीड दिसतो. ४५९० थंड असताना ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास धावायला पाहिजे, त्याचा टर्बो ३.७ पर्यंत आहे. अर्ध्या तासानं तो आकडा २ च्या घरात आला असेल तर प्रोसेसर उष्णतेनं स्वतःच वेग उतरवतोय. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स करून बघा, पण मला वाटतं कूलर तुंबलाय.

तुमच्या नावात वखार आहे म्हणून विचारतो, पीसी ठेवलाय कुठं? आमच्या गल्लीत यंत्रमाग. कापसाचे तंतू हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या, उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांत असे बसतात की वरून पंखा फिरताना दिसतो आणि खाली नमदा तयार झालेला असतो. पंखा काढल्याशिवाय कळतच नाही.

निपाणीकर_वखारवाला

खाली तंबाखूची वखार, वर आम्ही. तुमच्या डोक्यात बरोबर आलं. स्पीड बघितला, २.१ वर आला होता. झाकण उघडल्यावर घरच्यांना सलग शिंका. पंखा काढला तर खाली तपकिरी पुडीचा थर, तेलकट, बोटानं ओढला तर पापुद्रा निघाला. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं उडवू काय?

वडगावचा_मागवाला

नको नको. त्या टाकीत पाणी साठलेलं असतं, ते फवाऱ्यासारखं बोर्डावर येतं. आणि हवेच्या जोरानं पंखा नको तेवढा फिरून त्याचं बेअरिंग जातं. मऊ ब्रश आणि हातपंप वापरा, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हीटसिंक उतरवलीत तर प्रोसेसर आणि तिच्यामधली जुनी थर्मल पेस्ट पूर्ण पुसून नवी लावा, हरभऱ्याएवढी पुरते. तेलकट थर आहे म्हणता, तर हीटसिंक बाजूला काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा, नुसत्या ब्रशनं जाणार नाही.

अनगोळची_आक्का

तापण्याचं निस्तरलं की मग २एक्सचा विचार. तिथं ग्राफिक्स अडतंय हे खरं, म्हणजे दुकानदार अर्धा बरोबर होता. पण औषध चुकीचं सांगितलं.

तुमची रॅम एकच स्टिक आहे. एचडी ४६०० ला स्वतःची मेमरी नसते, ते हीच रॅम वापरतं. डीडीआर३-१६०० च्या एका स्टिकवर सेकंदाला १२.८ जीबी एवढीच वाट मिळते. दुसरी तेवढीच स्टिक दुसऱ्या चॅनलच्या स्लॉटमध्ये बसवली की २५.६. आता ते जीटी ७३० बघा. ४ जीबीवाल्या स्वस्त कार्डांवर बहुधा डीडीआर३ मेमरी आणि ६४ बिटची वाट असते, म्हणजे १४.४ जीबी. चार जीबी हा आकडा डब्यावर छापायला बरा, पीएस टूच्या ग्राफिक्स चिपला स्वतःची मेमरी ४ एमबी होती! जीटी ७३० मध्ये जीडीडीआर५ वालं येतं ते ४० जीबीचं, ते वेगळं, पण दुकानात नाव एकच असतं. शिवाय तुमच्या चपट्या कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं.

ब्लेंडिंग ॲक्युरसी (रंग किती अचूक मिसळायचे ती सेटिंग) बेसिकवर आहे ना? कुणाचा तरी व्हिडिओ बघून हाय केलं असेल तर तिथंच जीपीयूचा जीव जातोय.

निपाणीकर_वखारवाला

हीटसिंक धुतली, पेस्ट बदलली. आता तासभर खेळलं तरी प्रोसेसरचा स्पीड ३.५ वरून हलत नाही आणि नेटिव्हवर १०० टक्के कायम. ब्लेंडिंग हायवर होतं, पुतण्याचे उद्योग. बेसिक केल्यावर २एक्सला ८८ चे ९४ झाले. अजून सुटताना थोडं खातंय, पण पहिल्या वळणानंतर कळत नाही. पीसी वखारीच्या जिन्यावरून आतल्या खोलीत हलवला.

रॅमची दुसरी स्टिक बघतोय. तीच कंपनी पाहिजे काय?

अनगोळची_आक्का

कंपनी वेगळी चालते. डीडीआर३, १६०० आणि ८ जीबी एवढं जुळवा. लावल्यावर सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये चॅनल ड्युअल दिसतंय का बघा, आणि त्याच सेव्हवरचे २एक्सचे आकडे इथं टाका. मलाही बघायचंय.

खानापूर_घाटाखाली

माझ्याकडे ८ जीबी डीडीआर३ पडून आहे, येऊन घेऊन जा. जुन्या लॅपटॉपमधली आहे.

वडगावचा_मागवाला

लॅपटॉपची लांबीला निम्मी असते, डेस्कटॉपला बसत नाही. निपाणीकर, कोल्हापूर तुम्हाला जवळ पडतंय, तिथं बघा. जाताना जुनी स्टिक सोबत न्या, आणि दुकानात लावून, चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.