कथेतली गंमत: तुमच्या हाताला कुठे लागली?

गोष्ट लिहिताना हलकाफुलका विनोद किंवा एखादी तऱ्हेवाईक कल्पना वापरली असेल, तर नेमकं काय केलंत ते इथे लिहा. विनोदाची व्याख्या नको. ती करणाऱ्यांना हसताना फारसं कोणी पाहिलेलं नाही. आपल्याच कथेतला प्रसंग घ्या. सुरुवात मीच करते.

धागाकर्ती, पुणे
माझ्या कथेत सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बोलायला लागते. पहिल्या खर्ड्यात सगळे रहिवासी थक्क व्हायचे. कोणी हात जोडायचं, कोणी व्हिडिओ काढायचं. मैत्रिणी वाचून "कल्पना छान आहे" म्हणाल्या, हसलं कोणी नाही. मग ते थक्क होणंच काढून टाकलं. आता सेक्रेटरी तातडीची सभा बोलावतात. टाकी सभासद नाही, तिला मत मांडता येईल का? पण इमारतीतली सर्वांत जुनी रहिवासी तर तीच! दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना वेगळीच काळजी: इतिवृत्तात 'श्रीमती टाकी' लिहायचं की नुसतं 'टाकी'? कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग कोरमशिवायच सुरू होते, उपविधीत तशी सोय आहे. अशक्य गोष्ट एकच ठेवली, बाकी सगळं नियमाला धरून. आधी टाकी पानपानभर बोलायची. आता तिला एकच वाक्य आहे: "मला धुवा."

निवृत्त मास्तर, सातारा जिल्हा
मी लिहितो थोडं, गावच्या वाचनालयात वाचून जास्त दाखवतो. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांचं कथाकथन तरुणपणी ऐकलं, तेव्हापासूनचा हा नाद. मिरासदारांच्या भोकरवाडीतले नाना चेंगट आणि बाबू पैलवान काहीही उद्योग करोत, सांगणारा शांतच. माझ्या एका गोष्टीत बैल ग्रामसभेला येऊन बसतो. तिथं मी "आणि गंमत म्हणजे" असं लिहिलं होतं. ते शब्द आले की मागची पोरं जांभया द्यायची. शब्द गाळले. आता पोरं विचारतात, "मास्तर, बैल कुणाच्या बाजूनं होता?"

नागपूर
माझी कथा मोठ्या आईच्या तेरवीची. गोड काय करायचं यावरून दोन जावांचं वाजतं. एक म्हणते, "त्यांना बुंदी आवडायची." दुसरी म्हणते, "शुगर निघाल्यापासून कुठे खात होत्या?" त्यावर पहिली, "मग आता खाऊ दे ना!" एका दिवाळी अंकाच्या संपादकांना हा संवाद शोकाला बाधक वाटला. मी तो गाळला नाही, कथा दुसरीकडे दिली. आमच्या मामाजींनी वाचून "टवाळा आवडे विनोद" हे समर्थवचन ऐकवलं, आणि संध्याकाळी तेच बुंदीचं भांडण आवाज बदलबदलून फोनवर कोणाला तरी वाचून दाखवून राहिले होते.

ठाणे
माझा अनुभव उलटा आहे. रहस्यकथेत एक विसरभोळा हवालदार घातला. तो वाचणाऱ्यांना इतका आवडला की खून कोणी केला हे कोणी विचारेना! त्याला काढायचा जीव होईना, म्हणून पुरावाच त्याच्या विसरण्याला बांधला. साक्षीदाराची छत्री तो परत द्यायला विसरतो आणि तीच पुढे खुन्यापर्यंत नेते. विनोदी पात्राला कथेत नोकरी द्यावी, नुसतं पाहुणा म्हणून ठेवलं की घर खाऊन टाकतं.

बडोदा
चिं. वि. जोशी इथे पाली शिकवायचे. त्यांचा चिमणराव स्वतःच्या फजितीची हकिगत स्वतःच सांगतो, तीही अगदी गंभीरपणे. ही युक्ती मला फार मोठी वाटते, पात्रांच्या तोंडी कोट्या घालण्यापेक्षा तर नक्कीच. माझी कथा म्हणजे नगरपालिकेला केलेले तक्रारअर्ज. अर्जदाराची टोपी माकडाने पळवली आहे. पहिला अर्ज कडक, 'तात्काळ कारवाई व्हावी' छापाचा. पुढच्या अर्जांत माकडाची दिनचर्या येते, मग त्याच्या तब्येतीची चौकशी. भाषा मात्र शेवटपर्यंत सरकारी, 'कळावे, आपला विश्वासू' सकट. अखेरच्या अर्जात विनंती एवढीच, की सदर टोपी सदर माकडास घट्ट होत असल्याने एक माप मोठी मिळावी.

ठाणे
बडोदेकर, अर्जाची पोच मिळाली का?

बडोदा
मिळाली होती. माकडाने नेली.