अनुभव धागा: ग्रंथालयाच्या शांत कक्षातला गोंगाट

धागाकर्ती: सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणून ज्या संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारले, त्याच्या राजधानीत, आपल्या वडोदऱ्यात, विद्यापीठाच्या शांत कक्षात तासभर सलग वाचता येऊ नये, याचे मला वाईट वाटते. आपण काय उपाय केले आणि त्यांचे पुढे काय झाले, ते सविस्तर लिहावे. कोणत्याही ग्रंथालयाचे नाव घेऊ नये.

संशोधक विद्यार्थिनी, दांडिया बाजार: मोठ्या आवाजापेक्षा कुजबुज मला अधिक छळते. पंख्याची घरघर थोड्या वेळाने जाणवेनाशी होते. पण शेजारच्या टेबलावर कोणी साखरपुड्याच्या साड्यांविषयी हळू आवाजात बोलू लागले, की शब्द कळत असल्यामुळे मन तिकडे ओढले जाते आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो. टेबलावरचा मोबाइल थरथरला की लाकडी फळीही घुमते, म्हणून मी फोन रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवते. दुरून ‘शू’ केले तर सगळा कक्ष माना वर करतो आणि बोलणारे चिडतात. त्याऐवजी जवळ जाऊन ‘बेन, जरा बहार वात करशो?’ (ताई, जरा बाहेर बोलाल का?) असे विचारले, की बहुतेक जणी लगेच उठतात.

निवृत्त ग्रंथालय कर्मचारी: ‘शांतता राखा’ या पाटीकडे काही दिवसांनी कोणी पाहतही नाही. शांतता ही कर्मचाऱ्यांनी रोज राखायची गोष्ट आहे: खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, पुस्तकांच्या ढकलगाडीच्या चाकांना तेल, आणि देवघेवीचा काउंटर शांत कक्षाच्या दारापासून दूर. मुले एकत्र बसून अभ्यास करतात, यात गैर काहीच नाही. त्यांना बसायला जागा नसते, हे खरे दुखणे आहे. आम्ही परीक्षेच्या काळात तळमजल्यावरची एक रिकामी खोली चर्चेसाठी उघडली, तेव्हा तक्रारी जवळजवळ थांबल्या. पुढच्या वर्षी वरिष्ठांनी ती खोली जुनी कपाटे ठेवायला घेतली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दृष्टिबाधित विद्यार्थी: डिजिटल प्रत असली तर मी हेडफोन लावून ऐकतो. ती नसली तर पुस्तक कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावे लागते. शांत कक्षातून आम्हांला उठवतात हे रास्त आहे, परंतु ‘जिन्याखाली बसा’ हे काही त्यावरचे उत्तर नव्हे. दार लागेल अशी छोटी खोली मिळावी, एवढीच मागणी मी लेखी दिली आहे.

सीएची परीक्षा देणारा: लग्नसराईत बाहेरून येणारा डीजेचा आवाज हे माझे दुखणे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल आहे, पण वरात जाईपर्यंत कोण मोजणार? मी फोमचे बोळे वापरतो. ते बोटांनी वळून बारीक करावेत, कान वर ओढून आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावेत. नुसते कानाशी ठेवले तर उपयोग होत नाही.

धागाकर्ती: काका, चर्चेच्या त्या खोलीसाठी अर्ज कोणाकडे करावा लागला होता, ते कृपया लिहा. वरच्या मागणीसह आम्हांला तो याच सत्रात द्यायचा आहे.