"थंडी पडू द्या, मग गहू पेरा" म्हणे!

निफाडकडचा: परवाच्या त्या पोस्टवर लिहायचं नव्हतं, पण राहवलं नाही. म्हणे, "गहू थंडीचं पीक, दिवाळीनंतर घाई नको. डिसेंबरात कडाका पडला की एकरी 70 किलो बी टाका, उतारा दुप्पट." अहो दादा, थंडी बी मातीत टाकताना नाही, फुटवे, म्हणजे बुडातून नव्या काड्या, फुटताना लागते! डिसेंबरातला गहू दाणा भरायला लागतो तोवर ऊन तापलेलं असतं. दाणा चिमतो. बागायती गहू 1 ते 15 नोव्हेंबर, एकरी 40 किलो. उशीर झालाच तर 50 किलो, ओळी 18 सेंटिमीटरवर. पुढे दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल घट धरा. 2022 विसरलात? 1901 पासूनचा सगळ्यात तापलेला मार्च, आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यातच बंद केली. वर 70 किलोची दाटी म्हणजे एका वाऱ्यात सगळा गहू लोळणार.

लाल_कांदा: तारखा भिंतीला लावा. कांदा निघाल्याशिवाय वावर मोकळं होतं का? गेल्या साली 12 डिसेंबरला पेरला, एकरी 14 क्विंटल झाला. बोला.

निफाडकडचा: वाण कुठलं?

लाल_कांदा: फुले समाधान.

निफाडकडचा: ते उशिराला चालतंच. श्रेय वाणाचं, मिशा तुमच्या.

कॅन्ससचा_पाहुणा: पोस्टवाल्यांनी बहुधा इकडचं काहीतरी वाचलं असावं. इथला गहू खरंच बर्फाखाली निजतो, थंडी मिळाल्याशिवाय ओंबीच धरत नाही. पण तोही सप्टेंबर-ऑक्टोबरातच पेरतात! कडाक्याआधी मुळं आणि फुटवे धरले नाहीत तर रोप गारठून मरतं. आपला गहू त्या जातीचा नाहीच.

मराठवाडी: आला कॅन्सस! निफाडला पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. आमच्या परभणीला थंडी मोजून पंधरा दिवस. एकच तारीख सगळ्यांना कशी?

निफाडकडचा: थंडी कमी असेल तर वेळ जास्तच पाळायला हवी ना!

पोळीवाली: पोत्यांचं झालं असेल तर विचारते. हल्ली लोकवनची पोळी पूर्वीसारखी का होत नाही?

लाल_कांदा: कारण ते लोकवन नसतं, ताई. माझा 496 वाणाचा गहू व्यापाऱ्याने माझ्यासमोर लोकवनच्या पोत्यात भरला.

कॅन्ससचा_पाहुणा: मुळात वन नाहीच. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीत निघालेलं वाण, लोक-1. 'वन' म्हणजे इंग्रजी एक.

पोळीवाली: काय सांगता! मी इतकी वर्षं जंगलाकडचा गहू समजून दोन रुपये जास्त देत होते?

मराठवाडी: लोक-1 तांबेरा रोगाला बळी पडतो, म्हणून कमी झाला. पोळी मात्र त्याचीच, हे मान्य.

निफाडकडचा: त्र्यंबक वाणाची खाऊन बघा. आणि धागा पेरणीचा आहे.

पोळीवाली: पेरता कशासाठी? खायलाच ना?

थंडीवाला: पोस्ट माझीच. 70 किलो म्हणालो ते फेकून पेरणाऱ्यांसाठी, निम्मं बी पाखरंच खातात. आणि नोव्हेंबर-नोव्हेंबर करणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावं. विसाव्या-एकविसाव्या दिवसाचं पाणी चुकवायचं नाही, मुकुटमुळं फुटतात तेव्हा. बरोबर? त्या आठवड्यात लाईट रात्रीची. मागच्या वर्षी दोन वाजता बॅटरी तोंडात धरून पाण्याची दारं मोडत होतो, पाय घोट्यापर्यंत गाळात, बोटं बधिर. तिसऱ्या वाफ्याला लाईट गेली. उरलेला तुकडा आठ दिवसांनी भिजला. तिथे फुटवे दोन-दोन, शेजारी पाच-पाच. तारीख पाळून काय मिळालं?

निफाडकडचा: म्हणजे चूक लाईटची, आणि सल्ला उशिरा पेरायचा?

थंडीवाला: बरं बाबा, तुम्हीच हुशार. 15 नोव्हेंबर लिहून घेतलं. लाईटचं वेळापत्रकही तुम्हीच लावून द्या.

निफाडकडचा: लाईटचं खरं आहे. आमच्याकडेही तेच हाल. पण ओळीत बी पेरणारी पाभर वापरा, फेकू नका.

मराठवाडी: पाभर ठेवलीय कुणी? बैल आहेत कुणाच्या दावणीला? ट्रॅक्टरवाला एकरी किती घेतो ते विचारा आधी.

पोळीवाली: ते 496 ची पोळी दुसऱ्या दिवशी वातड होते का, कुणी सांगेल का?